व्हॅन गॉगच्या रानातली गुलाबी फुलं

आता समोर जे चित्र लावलंय ना, त्यात आधी आकाश शोधा बरं. नाही सापडणार. झाडांचे शेंडेही नाहीत, वरच्या कडेला खोडं सरळ कापली गेलीयत, वाट नाही, क्षितिज नाही. नुसती जांभळट खोडं एकामागे एक, त्यांच्यामधे गडद निळा अंधार, खाली गवत आणि फुलं, आणि त्या सगळ्यात मधेच उभे दोघं, एक बाई आणि एक पुरुष, ज्यांना चेहरेच नाहीत. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं हे ‘अंडरग्रोथ विथ टू फिगर्स’ नावाचं चित्र 1890 च्या जून महिन्याच्या शेवटी काढलं, पॅरिसजवळच्या ऑव्हेर गावात. आज ते अमेरिकेत सिनसिनाटी आर्ट म्युझियममधे आहे.

कॅनव्हासचा आकार बघा, साधारण 50 सेंटीमीटर उंच आणि 100 सेंटीमीटर रुंद, म्हणजे दोन चौरस शेजारी शेजारी. ऑव्हेरच्या दिवसांत त्यानं या मापात बरीच चित्रं केली, ते कावळेवालं गव्हाचं शेत पण याच मापाचं. शेतासाठी आडवा कॅनव्हास घेणं आपल्याला लगेच पटतं, पण इथे विषय आहे उभी झाडं! उभी झाडं आडव्या पट्टीत बसवायची म्हणजे त्यांची उंची जाणार, आणि ती त्यानं मुद्दाम घालवलीय, म्हणून तर आपण रानाकडे लांबून बघत नाही, थेट आतच उभे असतो. खोडांच्या ओळी तिरप्या आत जातात, एक ओळ डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे, डोळ्याला ठरवताच येत नाही की खोल कुठे जायचं. मला स्वतःला या चित्रातली ही जागा सगळ्यात जास्त आवडते, त्या दोघांपेक्षाही.

बरं, आता फुलांकडे या. पांढरी दिसतायत, हो ना, थोडी पिवळी. पण त्याच सुमारास व्हिन्सेंटनं भाऊ थिओला पत्र लिहिलंय, त्यात या चित्राचं वर्णन आहे, की पॉपलरची जांभळी खोडं खांबांसारखी उभी, आतली खोली निळी, आणि खाली फुललेलं गवत, पांढरं, गुलाबी, पिवळं, हिरवं. गुलाबी! मग ते गुलाबी गेलं कुठे?

ते उडून गेलं. अक्षरशः. तो जेरेनियम लेक नावाचा लाल रंग वापरायचा, थिओकडे पत्रांतून त्याच्या ट्यूबा मागवायचा, आणि त्या रंगात इओसिन असायचं. इथे कोणी मेडिकलचे असतील तर त्यांना इओसिन चांगलं माहितीय, पॅथॉलॉजीच्या लॅबमधे स्लाइडवर जो गुलाबी रंग चढवतात तेच हे. 1870 च्या दशकात बाजारात आलेला कृत्रिम रंग, दिसायला जबरदस्त तेजस्वी, पण उजेड लागला की फिका पडत जातो, जसा गणपतीच्या मखराचा लाल क्रेप पेपर खिडकीत ठेवला की होतो तसा. तज्ज्ञांनी या चित्रातले रंगाचे अगदी बारीक कण तपासले आणि आज पांढऱ्या दिसणाऱ्या कितीतरी फटकाऱ्यांत त्यांना इओसिन मिळालं. म्हणजे पत्रातलं वर्णन बरोबर होतं, बदललंय ते चित्र. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधे त्याची फुलदाणीतली आयरिस आहेत, त्यांच्या मागची गुलाबी पार्श्वभूमी अशीच पांढुरकी झालीय.

आणि त्याला हे माहीत होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1888 मधे दक्षिण फ्रान्समधल्या आर्लहून त्यानं थिओला लिहिलंय की इम्प्रेशनिस्टांनी, म्हणजे त्या काळच्या नव्या वळणाच्या चित्रकारांनी, फॅशनमधे आणलेले सगळे रंग टिकाऊ नाहीत, म्हणूनच ते बेधडक, जास्तच भडक वापरायला हवेत, पुढे काळ त्यांना सौम्य करणारच आहे. हे काही बेफिकीर माणसाचं बोलणं नाही, हिशोब करून काम करणाऱ्या चित्रकाराचं आहे.

आता बरेच लोक हे चित्र बघून म्हणतात की किती उदास, महिन्याभरात गेला ना तो, बघा त्या जोडप्याला बाहेर पडायला रस्ताच नाही वगैरे. 29 जुलैला तो गेला हे खरंय. पण त्या तारखेवरून मागे येत येत चित्र वाचायचं हे मला पटत नाही, कारण त्यातला अर्धा उदासपणा उडालेल्या रंगाचा आहे! मनात ते गुलाबी परत भरून बघा, पायाशी सगळीकडे गुलाबी ठिपके, त्यावर जांभळी खोडं, मागे निळं, आणि मग सांगा हे रान उदास वाटतं का. गव्हाच्या शेतांच्या चित्रांबद्दल त्यानं जुलैमधे स्वतःच लिहिलं की मी दुःख आणि टोकाचं एकटेपण दाखवायचा प्रयत्न केलाय, आणि लगेच पुढे हेही लिहिलं की खेड्यात काय निरोगी आणि बळ देणारं आहे ते या चित्रांतून कळेल. म्हणजे जिथे दुःख दाखवायचं होतं तिथे तो सरळ तसं सांगत होता. या रानाबद्दल लिहिताना मात्र तो फक्त रंग सांगतो, एकामागून एक, आणि त्यात गुलाबी आहे.