वाघाच्या वर्षी जन्मलेल्या मुली

मंडळी, आधी जरा हात वर करा. १९६२, १९७४, १९८६, १९९८, यांपैकी कुठल्या साली जन्मलेले कोण कोण आहेत? बरेच आहेत की! चिनी पंचांगात बारा प्राण्यांच्या नावांनी वर्षं फिरतात, आणि ही सगळी वाघाची. पण १९८६च्या जानेवारीतले असाल तर हात खाली घ्या. त्या साली चिनी वर्ष ९ फेब्रुवारीला लागलं, त्याआधी जन्मलेले सगळे बैल. वाईट वाटून घेऊ नका, पोळ्याला मान तुमचाच.

वाघाचं राशिभविष्य मी सांगणार नाही. मला बोलायचंय ते वाघाच्या वर्षी जन्मलेल्या मुलींवर घेतल्या जाणाऱ्या किटाळाबद्दल. अनेक चिनी कुटुंबांत अशी मुलगी नवऱ्याला जड जाते असं मानतात. लग्नघरात वाघवाल्यांनी नवरीच्या खोलीत पाऊलही टाकू नये म्हणतात. आपल्याला हे नवं नाही. मुलीला मंगळ आहे, मूळ नक्षत्र आहे म्हटलं की बोलणी तिथेच थांबतात. आणि वाघ तर आपल्याही पत्रिकेत आहे. चित्रा आणि विशाखा नक्षत्रांची योनी व्याघ्र, गुणमेलनात तिचं गाईशी वैर. माझ्या आत्याचं ठरलेलं लग्न मंगळापायी मोडलं. म्हणून हा विषय माझ्याच्यानं सोडवत नाही.

तर ही अपशकुनी वाघीण आली कुठून, हे शोधायला एका थडग्यात उतरावं लागतं. १९७५च्या अखेरीस हुबेई प्रांतातल्या युनमेंगमध्ये खोदकाम चालू असताना छिन राजवटीतली थडगी लागली. त्यांतल्या एकात शी नावाचा कायद्याचं काम बघणारा कारकून पुरलेला होता. इ.स.पू. २१७च्या सुमारास तो गेला. त्याच्या शवपेटीत बांबूच्या अकराशेहून जास्त लिहिलेल्या पट्ट्या निघाल्या! त्यांत कायदे आहेत, चौकशी कशी करावी ते आहे, आणि शुभाशुभ दिवसांची पोथीही आहे. त्या पोथीत प्राण्यांची यादी आहे. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या याद्यांपैकी ती एक.

आणि ती यादी कशासाठी? चोर ओळखायला! उंदराच्या दिवशी चोरी झाली तर चोर निमुळत्या तोंडाचा. वाघाच्या दिवशी झाली तर धट्टाकट्टा, विरळ दाढीचा, तोंडावर काळं असलेला, आणि माल मातीच्या भांड्यांमध्ये दडवलेला. विचार करा, गावात चोरी झाली आणि पोलीस पाटील पंचांग बगलेत मारून कुंभारवाड्याकडे निघाला! पण शीचा जमाना हे मनापासून मानत होता, आणि तो बारकावा वाचताना मला दर वेळी आनंद होतो. आज ज्या जागी घोडा आहे तिथे तेव्हा हरीण होतं. घोडा एक घर पुढे, आजच्या शेळीच्या जागी. वाघ मात्र तेव्हाही तिसराच. त्याच पोथीत लग्नाला चांगले-वाईट दिवसही दिलेत. पण वाघाच्या नोंदीत आहे तो चोर. नवऱ्याला जड जाणारी सून तिथे नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा आता भरभर सांगतो.

एक तर वाघ ही मोजणीतली खूण आहे. दहा चिन्हांचा एक संच आणि बारा चिन्हांचा, म्हणजे याच बारा प्राण्यांचा, दुसरा. त्यांच्या ओळीनं जोड्या लावून साठांचं चक्र होतं. तेच वर्षांना, महिन्यांना, दिवसांना लावतात. रोज पहाटे ३ ते ५ ही वेळ वाघाची, दर बारावा दिवस वाघाचा. मग एकट्या वर्षाच्या वाघानं मुलीचंच नशीब का ठरवावं?

दुसरं, चीनमध्ये वाघ राखण करणारा. बाळाला वाघाच्या तोंडाची टोपी घालतात, पायात वाघाचे जोडे, इडापिडा टळावी म्हणून. जुन्या कथेत दाराचे राखणदार भुतांना बांधून वाघापुढे टाकतात. बाळाच्या डोक्यावर जो वाघ हवासा वाटतो, तोच मुलीच्या जन्मसालात आला की भीती वाटते, हा अन्याय आहे.

आणि अन्याय आकड्यांत दिसतो. तैवानमध्ये २००९ साली १,९१,३१० बाळं जन्मली. २०१०च्या वाघ वर्षात १,६६,८८६. २०१२च्या, शुभ मानल्या जाणाऱ्या ड्रॅगन वर्षात २,२९,४८१. मंदीचाही हात होता, पण ड्रॅगनसाठीची उडी नुसत्या मंदीनं समजत नाही.

पुढचं वाघाचं वर्ष २०३४. २०१०च्या त्या मुली तेव्हा चोवीस वर्षांच्या, लग्नाच्या वयाच्या. कुणी त्यांचं जन्मसाल विचारून नाक मुरडलं, तर त्यांनी युनमेंगच्या चोराची गोष्ट सांगावी. विचारा आता प्रश्न.