शिंपल्यातला उंदीर

इंग्रजीत दोन शब्द आहेत, दोघांचाही उच्चार 'मसल'. एक समुद्रातला, खडकाला घट्ट धरून बसणारा काळा-निळा शिंपला. दुसरा आपल्या अंगातला, स्नायू. देवनागरीत लिहिले तर दोघांत काडीचाही फरक उरत नाही. इंग्रजी स्पेलिंग मात्र वेगळं, म्हणून वाटतं, असेल योगायोग.

योगायोग नाही. दोघांच्या मुळाशी एकच लॅटिन शब्द आहे, 'मुस्कुलुस'. अर्थ, छोटासा उंदीर. त्यातला 'मुस' म्हणजे उंदीर, आणि तो आपल्या 'मूषका'चा भाऊबंद.

हा शिंपला हातात घेऊन बघा. एका टोकाला निमुळता, दुसरीकडे गोलसर, पाठ काळी, ओली, तुकतुकीत. अंग चोरून बसलेला उंदीर दिसतो की नाही? आता मूठ आवळून कोपर वाकवा. दंडावर कातडीखाली काहीतरी सरकतं आणि टरारून वर येतं. रोमन माणसाला तिथेही उंदीरच दिसला. मराठी माणसाला दिसली बेडकुळी, म्हणजे इवलीशी बेडकी! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता.

ग्रीकांनी तर एकाच शब्दात तिघांना बसवलं. त्यांच्या भाषेत 'म्युस' म्हणजे उंदीर, स्नायू आणि हा शिंपलासुद्धा. हृदयाच्या स्नायूला डॉक्टर 'मायोकार्डियम' म्हणतात, त्यातला 'मायो' तिथूनच आला.

इंग्रजीत शिंपला आधी पोचला, हजार वर्षांपूर्वीच. स्नायू मागाहून, 14व्या शतकाच्या अखेरीस आला. मग कित्येक पिढ्या दोघांची स्पेलिंगं एकमेकांत मिसळत राहिली. 17व्या शतकाच्या सुरुवातीला ती वेगळी होऊ लागली, पण हा फरक पक्का व्हायला 19वं शतक सरत आलं.

आणि हे दोन 'मसल' खरोखरच एकत्र राहतात. शिंपल्याची दोन्ही झाकणं गच्च मिटून धरतो तो एक जाडजूड स्नायूच. जीव मेला की त्याची पकड सुटते, झाकणं उघडतात. रिकामं झाकण उजेडात धरा. आतल्या मोतिया पृष्ठभागावर, रुंद टोकाजवळ, एक गोलसर वण दिसेल. तो स्नायू तिथेच चिकटलेला होता.