टेबलाखालचं लिनक्स

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात ग्रंथपाल, शिक्षक आणि सोसायट्यांचे कर्मचारी यांच्यापुढं झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार.

आपल्या भागात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, शोधायचं असेल तर टेबलाखाली वाकावं लागतं. वाचनालयात कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, चालवणारा जुना सीपीयू, हायस्कूलच्या लॅबमधली मशीनं, सौहार्द सहकारी सोसायटीच्या सभासदांचा डेटाबेस, उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या फाइली सांभाळणारा सर्व्हर. कुणीतरी हौशी पोरानं ते बसवलेलं असतं. मग त्याला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरी लागते आणि त्याच्याबरोबर पासवर्डही जातो. मागं उरतं ते मशीन आणि त्यावर चिकटवलेली चिठ्ठी: ‘बंद करू नये’.

अशा मशीनचा विषय काढला की निपाणीकडं हमखास ऐकू येतं, “चाललंय न्हवं, मग कशाला हात लावतासा?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. हात लावल्यामुळं बंद पडलेली मशीनं सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि मार्चअखेरीला हिशेब अडला तर शिव्या कुणाला बसतात तेही आपल्याला माहीत आहे. पण ‘चाललंय’ म्हणजे नक्की काय, ते आधी बघू.

उबंटू १८.०४ घ्या, लिनक्सचाच एक प्रकार. आपल्याकडं अजून बऱ्याच ठिकाणी आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये आलं, पाच वर्षं त्याला नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळाल्या आणि २०२३ च्या मेअखेर त्या थांबल्या. त्यानंतर मशीननं आरडाओरडा केला का? नाही. आजही तुम्ही त्याच्यावर ‘एपीटी अपडेट’ (एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणारी आज्ञा) चालवा, ते व्यवस्थित चालेल. ‘एपीटी अपग्रेड’ म्हणा, ते सांगेल की नवीन काही नाही. फार तर वाढीव देखभालीची एक ओळ दाखवेल, ती कुणी वाचत नाही. नवीन काही नाही हे त्याचं खरंच आहे, कारण त्या आवृत्तीसाठी साध्या रांगेत कुणी काही टाकतच नाही. त्यामुळं अपडेट येतायत का, हा प्रश्न पुरेसा नाही. ही आवृत्ती अजून मुदतीत आहे का, हे विचारायला हवं. मुदत संपलेली असेल आणि लगेच नव्या आवृत्तीवर हलवणं शक्य नसेल, तर उबंटू प्रो नावाची सोय आहे. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट, आणि १८.०४ ला त्यातून २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. हलवाहलवीला तेवढी सवड मिळते.

मशीन तसंच राहतं, पण बाहेरचं जग तसं राहत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या (ही सेवा साइटना ओळखीची प्रमाणपत्रं देते) प्रमाणपत्रांमागचं एक जुनं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं. आदल्या दिवशी उघडणाऱ्या साइट जुन्या मशीनांवर उघडेनात. मशीनमध्ये कुणी बोटही लावलं नव्हतं. दुसरं उदाहरण सूडोचं, म्हणजे मुख्य अधिकारानं काम करू देणाऱ्या आज्ञेचं. त्यात २०११ पासून एक भोक होतं, ते सापडलं जानेवारी २०२१ मध्ये. तशाच कामाच्या पीकेएक्झेकमधलं तर २००९ पासूनचं, सापडलं जानेवारी २०२२ मध्ये. दोन्हींमुळं साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होता येत होतं. भोक जाहीर झाल्यावर ते वापरायची रीतही जाहीर होते, आणि दुरुस्ती न घेतलेलं मशीन त्या दिवसापासून जास्त उघडं पडतं. ‘आमच्या मशीनला नेटच नाही’ असं सांगणाऱ्यांच्या मशीनला पेन ड्राइव्ह मात्र रोज लागत असतो.

तर पहिल्या दिवशी काय करायचं? अपडेट करायचं नाही. पहिला दिवस नुसतं बघण्याचा.

पासवर्ड नसेल तर मशीनसमोर बसून रिकव्हरी मोडमधून नवा घालता येतो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसली तर. (टेबलाखाली हात जाणारा दुसराही कुणी ते करू शकतो, हेही लक्षात असू द्या.) आत गेल्यावर आवृत्ती कोणती ते पाहा. ‘डीएफ’नं डिस्क किती भरली ते पाहा. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ विचारा, म्हणजे त्या पोरानं मुद्दाम काय काय बसवलं होतं ते कळतं. ‘शोहोल्ड’ विचारा, म्हणजे कुठली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) त्यानं अपडेट होण्यापासून अडवून ठेवली आहेत ते दिसतं. त्यानं ती उगाच अडवलेली नसतात. सोर्सेसच्या यादीत बाहेरचे पीपीए (सॉफ्टवेअरची अधिकृत नसलेली भांडारं) असतील तर लिहून घ्या. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये रात्री चालणारी, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली एखादी फाइल हमखास सापडते, आणि ती पायथन २ मधली असते. पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली, नव्या उबंटूमध्ये आणि डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात ते पॅकेजच मिळत नाही. ही फाइल बंद पडली तर काय अडेल, हे आधी विचारून घ्या. रोजचा बॅकअपच ती घेत असेल.

तारीखही बघा. बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल मेलेला असेल आणि नेटवरून वेळ जुळत नसेल, तर मशीन काही वर्षं मागं राहतं. मग एपीटी म्हणतं, भांडाराची फाइल अजून वैध झालेली नाही. लोक भांडार बदलून बघतात, नेटला नावं ठेवतात. औषध मात्र घड्याळाच्या दुकानात मिळतं.

आता बॅकअप. चालू डेटाबेसचा फोल्डर पेन ड्राइव्हवर ओढून टाकणं म्हणजे बॅकअप नव्हे. त्यातून डेटाबेस धड उभा राहील याची खात्री नसते. डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस असेल तर पीजी-डंप (डंप म्हणजे सगळी माहिती फाइलीत काढून घेणं), मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर मायएसक्यूएल-डंप, कोहाला तर स्वतःचा कोहा-डंप आहे. सोबत सेटिंग्ज ठेवणाऱ्या ‘ईटीसी’ फोल्डरची प्रत. आणि हे सगळं दुसऱ्या मशीनवर उभं करून बघा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्या भरवशावर मी कुणाला पुढं जाऊ देत नाही.

उघडून बघताना आपल्या भागाला एक परीक्षा जास्तीची आहे. आपल्या ग्रंथसूचीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही पुस्तकं असतात. एक मराठी आणि एक कन्नड नाव शोधा. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका, त्या मशीनवर फॉन्ट नाही इतकंच. लोहितचे देवनागरी आणि कन्नड फॉन्ट टाका, चौकोन जातात. विचित्र रोमन अक्षरांची माळ दिसली तर माहिती बहुधा शाबूत आहे, ती वाचताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत) चुकलं आहे. डंप आणि आयात दोन्हीकडं एकच एन्कोडिंग सांगितलं की बहुतेक वेळा सुटतं. पण ओळीनं प्रश्नचिन्हं दिसली तर थांबा. हस्तांतरात अक्षरं गेलेली आहेत आणि त्या प्रतीतून ती परत येणार नाहीत. मूळ मशीन अजून जिवंत आहे तोवर नवा डंप घ्या. ही तपासणी इंग्रजी नावं बघून कधीच होत नाही, म्हणून बाहेरून आलेला इंजिनिअर ‘ओके आहे’ म्हणून निघून जातो.

आता खरा मुद्दा. मशीन जागच्या जागी वर चढवायचं, की नवं उभं करून त्यात माहिती न्यायची?

उबंटू एका एलटीएसवरून (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून) पुढच्याच एलटीएसवर जाऊ देतं. १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४, मग २४.०४. डेबियनचंही तेच, मधली आवृत्ती गाळायची नाही. प्रत्येक टप्प्यावर खालची सगळी जमीन बदलते. पीएचपी (वेबसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) ७.२ चं ७.४ होतं, मग ८.१, मग ८.३. मायएसक्यूएल ५.७ चं ८.० होतं. बाहेरचे पीपीए अपग्रेडच्या वेळी बंद केले जातात. एक टप्पा मागं असलेलं मशीन जागीच चढवावं, माझी ना नाही. दोन किंवा तीन टप्पे मागं असलेलं, ज्याचा इतिहास कुणालाच माहीत नाही असं मशीन जागच्या जागी चढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवं मशीन किंवा निदान नवी डिस्क आणा, त्यावर ताजी आवृत्ती टाका, माहिती न्या. जुनं मशीन बाजूला, तसंच चालू स्थितीत ठेवा. काही बिनसलं तर दुसऱ्या दिवशी काउंटर त्याच्यावर उघडता येतो.

हे मी आळसापोटी सांगत नाही. एक उदाहरण देतो, आणि ते आपल्यासारख्या भाषांच्या लोकांना जास्त चावतं. पोस्टग्रेस नावांची सूची वर्णक्रमानं लावून ठेवतं. हा क्रम ते बहुतेक वेळा स्वतः ठरवत नाही, जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत घटकाला विचारतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जीलिबसी २.२८ आलं आणि त्यात वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१. म्हणजे जागच्या जागी अपग्रेड केलं की पोस्टग्रेस १० जुनंच चालू राहतं, माहिती जुनीच, सूची जुन्या क्रमानं लावलेली, पण शोधणारा मात्र नव्या नियमानं शोधतो. ग्रंथालयातल्या कार्डांचा ड्रॉवर जुन्या क्रमानं लावलाय आणि नवा ग्रंथपाल वेगळ्या क्रमानं हात घालतोय, तसं. कार्ड आहे, पण सापडत नाही. वाईट म्हणजे कुठलीच चूक दाखवली जात नाही. सभासदाचं नाव यादीत दिसतं आणि शोधलं की मिळत नाही. क्लार्क त्याला नवा समजून पुन्हा नोंदवतो. एकाचे दोन सभासद होतात. ‘रीइंडेक्स’ केलं की सूची नव्यानं लागते, पण ते करायचं आहे हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं. डेटाबेस कुठल्याच भाषेचे नियम न लावणाऱ्या ‘सी’ लोकेलमध्ये बनवला असेल तर हा त्रास नाही. आणि डंप घेऊन नव्या मशीनवर भरला, तर सूच्या तिथं नव्यानंच बांधल्या जातात, प्रश्न उद्भवतच नाही.

जागच्या जागी चढवणारच असाल तर थोडं सांगतो. ‘बूट’ विभाजन (डिस्कचा मशीन सुरू करणारा भाग) जुन्या कर्नलनी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, भरलेलं असतं, आधी ऑटोरिमूव्हनं त्या काढा. असलेल्या आवृत्तीतले सगळे अपडेट आधी संपवा, रीबूट करा, मगच पुढं. मध्येच ते विचारतं, ही कॉन्फिग फाइल तुमची ठेवू की आमची टाकू? एंटर दाबत सुटू नका. फरक दाखवायला सांगा आणि वाचा. यूपीएस हवाच. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात लाईट सांगून जात नाही. गेलीच, तर घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका. ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ सगळ्या पॅकेजांसाठी चालवा, मग ‘फिक्स-ब्रोकन’. बहुतेक वेळा अर्धवट काम तिथून पुढं जातं.

नवं उभं केलं की सुरक्षा दुरुस्त्या आपोआप घेणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू ठेवा. पण कर्नलची दुरुस्ती रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही, त्यामुळं ती ‘बंद करू नये’ची चिठ्ठी आता काढून टाका.

*श्रोत्यांतून प्रश्न: नवीन तेच घ्या म्हणता, पण मध्यंतरी फाइली आवळणाऱ्या एक्सझेडमध्ये घातपात नव्या आवृत्तीतच झाला होता ना?*

बरोबर. २०२४ च्या मार्चमध्ये. एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं, त्यानं मागोवा घेतला आणि प्रकरण उघडकीला आलं. पण ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांमध्ये होती, स्थिर शाखेत पोचली नव्हती. मी सांगतोय ते स्थिर शाखेतल्या दुरुस्त्यांबद्दल. तिथं पॅकेजची आवृत्ती सहसा तीच ठेवून फक्त भोक बुजवलं जातं. काउंटरवरच्या मशीनला सगळ्यात ताजं सॉफ्टवेअर कशाला हवं?

*आमच्या शाळेच्या लॅबमध्ये वीस मशीनं आणि नेट मोबाइलचं. प्रत्येकावर अपडेट कसं परवडणार?*

एकाच मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा आणि बाकीच्यांना एपीटीचा प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून त्याचा पत्ता द्या. पॅकेज एकदाच उतरतं, पुढच्यांना लॅबमधूनच मिळतं. अट इतकीच की सगळ्यांवर एकच आवृत्ती असावी. त्या मशीनच्या डिस्कवर मोकळी जागा भरपूर ठेवा.

*आमचं मशीन ३२ बिटचं आहे. टाकून द्यायचं?*

आधी ते खरंच ३२ बिटचं, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरचं, आहे का बघा. ‘एलएससीपीयू’ चालवा. प्रोसेसर ६४ बिटचा आणि वर ३२ बिटचं लिनक्स, असं पुष्कळदा निघतं. तसं असेल तर डेटा काढून ६४ बिटचं नव्यानं टाका. जागच्या जागी बदलायचा मार्ग आहे, पण त्या वाटेला तुम्ही जाऊ नका. प्रोसेसरच ३२ बिटचा निघाला तर डेबियन १२ ही इन्स्टॉलर मिळणारी शेवटची आवृत्ती; २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १३ मध्ये तो नाही. १२ टाकून मुलांना टायपिंगला द्या. सभासदांची खाती मात्र त्याच्यावर ठेवू नका.