निम्मी महापालिका आणि लोकसभेचे तिकीट

(दृश्य : बुधवार पेठ, भिडे वाड्याची जागा. सकाळची वर्दळ.)

दगडूशेठ गणपतीच्या समोर, रस्त्यापलीकडच्या या जागेवर १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. शिक्षण आले की मागोमाग सत्ताही येते, असे आपण पुणेकर मनोमन धरून चालतो. लोकसभेचा नकाशा मात्र या समजुतीला फारशी साथ देत नाही.

पहिल्या लोकसभेत, १९५२ साली, पुणे दक्षिण मतदारसंघातून इंदिरा मायदेव निवडून गेल्या. त्यानंतर २०२४ पर्यंतच्या एकाही निवडणुकीत पुणे मतदारसंघाने स्त्रीला लोकसभेत पाठवलेले नाही. वंदना चव्हाण आणि मेधा कुलकर्णी राज्यसभेत गेल्या खऱ्या, पण तिथे मते आमदारांची असतात, पेठांतल्या मतदारांची नव्हेत.

(दृश्य : देशाचा नकाशा.)

२०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ५४३ पैकी ७४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. २०१९ मध्ये त्या ७८ होत्या. या ७४ जणी देशभर सारख्या विखुरलेल्या नाहीत. पश्चिम बंगालच्या ४२ जागांपैकी ११ जागांवर स्त्रिया आल्या, आणि साक्षरतेत आघाडीवर असलेल्या केरळच्या २० जागांपैकी एकाही जागेवर आली नाही. नोव्हेंबरातल्या वायनाडच्या पोटनिवडणुकीनंतर तिथे प्रियांका गांधी आल्या. मतदार स्त्रियांना नाकारतो, असे म्हणावे तर ओडिशा आडवा येतो : २०१९ मध्ये बिजू जनता दलाने एक तृतीयांश उमेदवारी स्त्रियांना दिली आणि राज्याच्या २१ खासदारांपैकी ७ स्त्रिया झाल्या. गाठ मतपेटीशी नाही, त्याआधीच्या उमेदवारी यादीशी आहे.

(दृश्य : तापीकाठची केळीची बाग.)

महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी ७ जागांवर स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या तीन एकमेकींना लागून, खानदेशात आहेत : रावेर, जळगाव आणि धुळे. रावेरच्या रक्षा खडसे कोथळी गावच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषदेत गेल्या आणि २०१४ मध्ये लोकसभेत. धुळ्यातून अवघ्या ३,८३१ मतांनी जिंकलेल्या शोभा बच्छाव नाशिकच्या माजी महापौर. घराण्याचा आधार नाकारण्यात अर्थ नाही. बारामतीपासून सोलापूरपर्यंत तो दिसतोच. तरीही स्थानिक स्वराज्य संस्थेतून वर चढणारी वाट खानदेशात स्त्रियांसाठी निदान उघडी राहिली.

(दृश्य : शनिवारवाड्याशेजारील नदीपलीकडे, महापालिका भवन. चौकातला एक फलक.)

पुण्यात ही वाट नाही, असेही नाही. महापालिकेच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सोडतीत प्रभाग राखीव झाला की चौकातल्या फलकावर नगरसेविकेचे नाव मोठ्या अक्षरांत येते, आणि छायाचित्र कधी कधी तिच्या यजमानांचे अधिक मोठे असते, तो भाग निराळा. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभेत एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा केला, मात्र त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधून ठेवली. २०२४ ची निवडणूक त्याविनाच झाली.

त्या निवडणुकीत पुण्यातून मुरलीधर मोहोळ (भाजप), रवींद्र धंगेकर (काँग्रेस) आणि वसंत मोरे (वंचित बहुजन आघाडी) हे तीन प्रमुख उमेदवार होते. तिघेही माजी नगरसेवक, तिघेही महापालिकेच्या याच सभागृहातून वर आलेले. त्यांच्या शेजारच्या बाकांवर बसलेल्या नगरसेविकांपैकी एकीलाही या तीन पक्षांची उमेदवारी मिळाली नव्हती.