रॅमचे पैसे ३२०० स्पीडचे दिले, चालतेय २१३३ वर

[किनारा. ओढून ठेवलेल्या होड्या. पाऊस.]

जून लागला. मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली, समोर सिंधुदुर्ग किल्ला अर्धा दिसतोय अर्धा पावसात गेलाय. मालवणात ह्या दिवसांत सगळं थंड असतं असं वाटतं, पण ज्याने मे महिनाभर लग्नं आणि दशावतार शूट केलेत त्याचं खरं काम आत्ता सुरू होतं, एडिटिंगचं.

हा त्याचा कॉम्प्युटर. रायझन ५ २६००, २०१८ सालचा प्रोसेसर, सहा कोअर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या. रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायला, लावला की रात्र जाते. जो तो सांगतो नवीन घे. नवीन घ्यायला पैसे नाहीत, आणि मी म्हणतो गरजपण नाही.

आता स्क्रीन बघा. टास्क मॅनेजर उघडलंय, मेमरीवर क्लिक केलंय, स्पीड २१३३. आणि हे रॅमवरचं स्टिकर. ३२००.

जिथून असेंबल करून आणला तिथे बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममधलं, एक सेटिंग कुणी चालूच केलं नाही. इतकी वर्षं ही रॅम निम्म्या जोरावर नाही म्हणता येणार पण दोन-तृतीयांश जोरावर पळतेय, आणि पैसे मात्र पूर्ण घेतलेत. असे कॉम्प्युटर गावागावात पडलेत, म्हणून हा व्हिडिओ.

[कॅबिनेट उघडतं.]

आधी साफसफाई. खारी हवा काय करते बघा, स्क्रू गंजलेत, मागच्या पट्टीला पांढरा थर आलाय. रॅम काढून तिचे सोनेरी काँटॅक्ट खोडरबरने, अगदी हलक्या हाताने, पुसायचे आणि कण ब्रशने झटकायचे. परत लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट.

प्रोसेसरवरचा कूलर काढायच्या आधी त्याने मशीन दहा मिनिटं चालवून घेतलं, मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ व्हावी म्हणून. आणि आता हात बघा, सरळ वर ओढत नाहीये, डावीकडे-उजवीकडे थोडं पिळतोय. ह्या सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या खाली १३३१ पिना असतात, झटका दिला तर प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट उपटून येतो. एक पिन वाकली तरी प्रोसेसर परत नीट बसत नाही. जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झालीय. पुसली, नवीन वाटाण्याएवढी लावली, वर १२० एमएमच्या पंख्याचा टॉवर कूलर.

दारातून आई विचारते, "ह्या डब्याक एवढो पंखो कित्याक रे?"

कारण सांगतो. प्रोसेसरचा स्पीड म्हणजे साधा गुणाकार. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायर ३४, झाले ३.४ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर ४० केला की ४. पण वर जायला व्होल्टेज लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, १.२ चं १.३ केलं तर स्पीड तेवढाच ठेवूनसुद्धा साधारण १७ टक्के जास्त. ही विद्या आजची नाही, १९९८ साली लोकांनी ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन नुसता बस, म्हणजे तेव्हाचा बेस क्लॉक, ६६ वरून १०० करून ४५० ला पळवला होता. तुमचा प्रोसेसर एएमडी रायझन असेल तर बहुतेक अनलॉक असतो, म्हणजे मल्टिप्लायर बदलता येतो, इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के बघा, आणि मदरबोर्डपण तसा हवा. ह्याचा बी४५० आहे, चालतो.

[बायोस.]

डिलीट दाबून आत. पहिलं काम रॅम, प्रोसेसरला अजून हात लावायचा नाही, दोन्ही एकदम बदललं तर चुकलं कुठे ते कळत नाही. एक्सएमपी प्रोफाइल चालू, हेच ते राहून गेलेलं सेटिंग. ३२००, सीएल (उत्तर द्यायला लागणारे ठोके) १६, व्होल्टेज १.२ चं १.३५. ह्या प्रोसेसरला अधिकृतपणे २९३३ पर्यंतच सांगितलंय, म्हणजे हेसुद्धा ओव्हरक्लॉकच, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त स्पीड. सेव्ह. रिस्टार्ट.

काळी स्क्रीन. पंखा फिरतोय, थांबतोय, परत फिरतोय. घाबरायचं नाही, बोर्ड मेमरीची जुळवाजुळव करतोय, दोन-तीनदा स्वतःच रिस्टार्ट होतो. चेहरा बघा त्याचा.

आली. ३२००.

२१३३ ला सीएल १५ वर उत्तर यायला १४ नॅनोसेकंद लागत होते, आता १०. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावली, चार पास, शून्य एरर.

मग प्रोसेसर. मल्टिप्लायर ३८, सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट. ३९, सिनेबेंच. ४०, व्होल्टेज १.३, तापमान ८० च्या आत, चाललं. ४१ ला विंडोज उघडलं, टेस्ट सुरू झाली आणि ही निळी स्क्रीन. त्याने व्होल्टेज आणखी चढवलं नाही, ४० वर परत आला, आणि मला वाटतं अख्ख्या शूटमधला सगळ्यात शहाणपणाचा क्षण तो. बायोससुद्धा उघडत नाही अशी वेळ आली तर बोर्डावर घड्याळातल्या सेलसारखा दिसतो तो गोल सेल, सीआर२०३२, मशीनची लाईटची वायर काढून तो थोडा वेळ बाहेर ठेवायचा, सगळी सेटिंग पुसून जातात.

इथे एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. अर्थिंग. जांभ्याच्या जमिनीत ती नीट मिळत नाही, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. हा मागच्या परसातला अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा नव्याने भरला, पाणी ओतलं, मगच मशीन चालू केलं. आणि यूपीएस पाहिजेच, बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड मेला समजा.

ओव्हरक्लॉकने काही बिघडलं तर ते वॉरंटीत धरत नाहीत, आणि जास्त व्होल्टेजने प्रोसेसरचं आयुष्य घटतं, हे माहीत असू द्या.

[दोन रेंडर शेजारी शेजारी. आवाज नाही.]

तोच दशावताराचा व्हिडिओ. डावीकडे आधीचा, उजवीकडे आत्ताचा.

शेवटी त्याने कागदी चिकटपट्टीवर स्केचपेनने लिहिलं, ४०, १.३, ३२००, १.३५, खाली तारीख, आणि ती पट्टी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली. पुढे जो कोण उघडेल त्याला कळेल. आता झाकण लावतोय.