नैऋत्य कोपरा

(सोयाबीनचं शिवार, सकाळ. बांधावरून एकामागे एक चालत येणारी पाच माणसं.)

ऑक्टोबरची सकाळ. मराठवाड्यातलं सोयाबीनचं शिवार. पानं गळून गेलीत, शेंगांना हात लावला की खुळखुळतात. पाऊस परत यायच्या आत कापून घ्यायची घाई सगळ्यांनाच आहे. या एका शेतात मात्र विळा अजून थांबलाय.

कृषी सहायकाच्या पिशवीत दोरी आहे, चार खुंट्या आहेत, टेप आहे, वजनकाटा आहे. आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर या शेतापुरते दोन आकडे: 37 आणि 14.

तो आधी शेताचा नैऋत्य कोपरा शोधतो. शेत कुठलंही असो, सुरुवात नैऋत्येपासून. तिथून लांबीच्या बाजूनं 37 पावलं. मग काटकोनात वळून 14 पावलं आत. चौदावं पाऊल पडलं, तिथं पहिली खुंटी.

(खुंटी ठोकताना जवळून. निवेदन थांबेल, फक्त ठोकण्याचा आवाज.)

खुंटीपासून 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असा दोरीचा आयत. मग टेप तिरका धरून कर्ण मोजायचा. तो 11.18 मीटर भरला पाहिजे. नाही भरला तर कोपरे काटकोनात नाहीत. चारही बाजू बरोबर असल्या तरी आत पुरती 50 चौरस मीटर जमीन उरत नाही. दोरी सोडायची, पुन्हा ताणायची. या शेतात ती तीनदा ताणली.

शेताचे मालक काका बाजूला उभे आहेत. ते म्हणतात, "साहेब, पाच पावलं पलीकडं घ्या की. तिथं पाणी साचून समदं पीक गेलंय."

ते खरं बोलतायत. पाच पावलांवरचं पीक आपल्यालाही दिसतंय.

"काका, आकडा माझ्या हातात नाही," कृषी सहायक म्हणतो आणि दुसरी खुंटी ठोकतो.

दोन दिवसांनी दुसऱ्या एका शेतात दोरी नेमकी पाणी साचलेल्या जागीच पडली. तिथं विमा कंपनीच्या प्रतिनिधीनं जरा बऱ्या जागेचा आग्रह धरला. उत्तर तेच मिळालं.

(शिवाराचं वरून दृश्य. चौकोनी तुकडे, मधून जाणारा रस्ता.)

याला म्हणतात पीक कापणी प्रयोग. एका महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या समूहात, एका पिकाचे साधारण दहा-बारा प्रयोग होतात. प्रत्येकी 50 चौरस मीटर. सगळे एकत्र केले तरी पाच-सहा गुंठे. आणि या पाच-सहा गुंठ्यांवरून सबंध मंडळाचं हेक्टरी उत्पन्न ठरतं. पीक विम्याची भरपाईही त्यावर अवलंबून असते.

एवढ्याशा जागेवरून? हा प्रश्न आम्हाला गावोगाव विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: हे पाच-सहा गुंठे निवडले कुणी, आणि कसे?

खालचा हा रस्ता बघा. गाडी थांबवायची, उतरायचं, समोरच्या शेतात दोरी टाकायची. एका दिवसात सहा प्रयोग होतील. याला सोयीचा नमुना म्हणतात. रस्त्याकडेच्या जमिनीचं पाणी, खत, राखण सगळं आतल्या जमिनीपेक्षा वेगळं असू शकतं. आणि अशी शंभर शेतं घेतली, तरी ती रस्त्याकडचीच शंभर शेतं. आकडा वाढला म्हणून ओढ्यापलीकडचं शेत त्यात येत नाही.

दुसरी वाट जास्त फसवी आहे, कारण ती शहाणपणाची वाटते. गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं, "तुमच्या गावातलं सरासरी शेत कोणतं?" आणि तेच घ्यायचं. ही झाली सहेतुक निवड. इंग्रजी अमदानीत पिकाचा अंदाज बराचसा याच रीतीनं बांधला जायचा. प्रत्येक पिकाचं एक 'सामान्य' उत्पन्न धरलेलं असायचं. पीक डोळ्यांनी बघून ते किती आणे आलंय हे ठरवायचं आणि गुणाकार करायचा. आणेवारी हा शब्द तिथला. आता तिला पैसेवारी म्हणतात.

डोळा खोटं बोलत नाही, पण हिरव्या दाट पिकाकडे आधी जातो. आणि ज्या डोळ्याला दुष्काळ बघायचाय, तो वाळलेल्या तुकड्याकडे जातो.

(जुने नकाशे, दप्तरखान्यातली कपाटं, गावाच्या गटांची यादी.)

निवडीतून माणसाचा डोळा काढून टाकायची कल्पना भारतात आधी भाताच्या शेतात रुजली. 1920 च्या दशकात बिहार-ओरिसात जॉन हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं हातात धरून नेता येईल अशी त्रिकोणी चौकट केली आणि ती भाताच्या शेतांत यदृच्छेनं, म्हणजे जागा न निवडता, टाकून कापणी केली. संख्याशास्त्रात प्रशिक्षण घेतलेला तो माणूस नव्हता. जमिनीच्या कामात मुरलेला होता, आणि सरासरी म्हणून दाखवलेली शेतं सरासरी नसतात हे त्यानं ओळखलं होतं.

पुढे 1934 मध्ये लंडनला येर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट गणितानं मांडली. त्यांच्यासमोर इटलीचं उदाहरण होतं. 1921 च्या जनगणनेचे कागद जपून ठेवायला जागा नव्हती, म्हणून 214 जिल्ह्यांपैकी 29 जिल्हे निवडून ठेवले गेले. निवड विचारपूर्वक होती: या 29 जिल्ह्यांच्या काही ठळक सरासऱ्या देशाच्या सरासरीशी जुळत होत्या. पण निवडताना जे तपासलं नव्हतं, ते बघायला गेल्यावर नमुना आणि देश यांची फारकत दिसली. नेमन यांचा आग्रह साधा होता. देशाचे आधी गट पाडा, मग प्रत्येक गटातून चिठ्ठी काढल्यासारखी निवड करा. कुणाला निवडलं जाण्याची शक्यता किती, हे माहीत असेल तरच चूक किती होऊ शकते तेही सांगता येतं. सहेतुक निवडीत चूक असते, पण ती मोजता येत नाही.

(बुध गावाचं दृश्य. शेतं, डोंगर.)

सातारा जिल्ह्यातलं हे बुध. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 साली या गावचा. फर्ग्युसनमधून ते लंडनला गेले आणि नेमन यांच्या हाताखाली शिकले. 1940 मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत आले. आज आपण जी खुंटी ठोकलेली पाहिली, तिच्यामागे त्यांचं मोठं काम आहे. शेतीचं शिक्षण घेतलेल्या कित्येक पिढ्यांनी पानसे आणि सुखात्मे ही जोडनावं एकाच पुस्तकावर वाचली असतील. ते हेच सुखात्मे.

त्यांचा एक वाद इथं सांगायलाच हवा, कारण तो दोरीच्या लांबीचा वाद होता.

कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली होती. बंगालच्या तागाच्या आणि भाताच्या सर्वेक्षणांत त्यांनी लहान, वर्तुळाकार कापण्या पसंत केल्या. त्यांचं म्हणणं असं: तुकडा लहान ठेवला की वेळ वाचतो, आणि वाचलेल्या वेळात जास्त गावांत जाता येतं. एकाच गावातली शेतं एकमेकांसारखी असतात, खरा फरक गावागावांत असतो. तेव्हा एका ठिकाणी फार वेळ का घालवायचा? हा मुद्दा अचूक आहे. आजही एका गावात सहसा दोनच प्रयोग घेतात, ते याचमुळे.

सुखात्मे यांनी मात्र शेतात बसून दोरीकडे बघितलं.

(दोरीच्या कडेचं जवळून दृश्य. एक रोप बरोबर दोरीवर. हात ते रोप आत ओढतो, मग सोडतो.)

हे रोप आत की बाहेर? नियम सांगतो, मूळ आत असेल तर रोप आत. पण हात रोपाला आत ओढतो. मुद्दाम नाही. कापणाऱ्या माणसाला भरलेली शेंग बाहेर टाकवत नाही. आता हिशेब बघा. एक बाय एक मीटरच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड लागते. आपल्या दहा बाय पाचच्या आयताला एका चौरस मीटरमागे फक्त 60 सेंटिमीटर. जितकी कड जास्त, तितकी अशी दोरीवरची रोपं जास्त, आणि तितकं उत्पन्न फुगलेलं. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतांत लहान-मोठे तुकडे शेजारी शेजारी कापून बघितले. तुकडा जितका लहान, तितकी हेक्टरी सरासरी वर गेली. 1946-47 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित, सावध माणसं असतील तर लहान तुकडाही चालतो, असं बंगालच्या बाजूचं उत्तर होतं. बंगालमध्ये कापणीचा आकार पुढेही वर्तुळच राहिला.

आम्ही या बाबतीत सुखात्मे यांच्या बाजूचे आहोत. सर्वेक्षणाची पद्धत निवडताना ते काम उन्हात, घाईत, चार लोकांच्या देखत कोण करणार आहे हे आधी धरलं पाहिजे. त्यांनी ते धरलं होतं.

(कार्यालय. संगणकाचा पडदा, छापलेले तक्ते.)

आपल्या कागदावरचे दोन आकडे या निवडीचा शेवटचा टप्पा आहेत. आधी मंडळ हा स्तर. त्यातून यादृच्छिक क्रमांकानं गावं. गावातल्या सर्वांत मोठ्या गट नंबरपर्यंतचे सगळे आकडे म्हणजे गावाची यादी. त्यातून पुन्हा यादृच्छिक क्रमांकानं गट. त्या गटात सोयाबीन नसेल, तर पुढचा सोयाबीन असलेला गट. आणि मग शेतात पावलं, तीही यादृच्छिक क्रमांकानंच. याला स्तरित, बहुटप्पी, यादृच्छिक नमुना म्हणतात. नाव जड आहे, पण गणित न शिकलेला कोतवालही या याद्या वाचू शकतो. जिल्ह्यातल्या सगळ्या शेतांची एकच चिठ्ठी काढता आली असती, पण मग कृषी सहायकाचे दिवस रस्त्यावरच गेले असते. दर दहावं शेत घेण्याची क्रमवार पद्धतही आहे. तिलाही यादी लागतेच.

यादी हा या सगळ्याचा पाया. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पीक नोंदवतात. ज्या गटात पीक आहे पण नोंद नाही, तिथं अजूनही माणसानं जाऊन बघावं लागतं.

(शेत. आयतातलं सोयाबीन कापलं जातंय. ताडपत्री, काठ्या, उफणणी.)

आता आयतातलं सगळं कापलं जाईल. ताडपत्रीवर बडवलं जाईल, उफणलं जाईल. सांडलेला दाणाही वेचायचा.

(काटा. आकडा दिसेपर्यंत शांतता.)

6 किलो 400 ग्रॅम.

एका हेक्टरात असे 200 आयत बसतात. म्हणजे हेक्टरी 12 क्विंटल 80 किलो. काट्यावर एका किलोची गफलत झाली, तर हिशेबात दोन क्विंटल हलतात. म्हणून काटा आधी शून्यावर आणून सगळ्यांना दाखवतात. सरपंच, शेतकरी, कंपनीचा माणूस, सगळे वाकून बघतात. फोटो निघतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरच्या ॲपमध्ये जातात.

मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे विम्यासाठी आधी ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेली तर विम्याची भरपाई, नाही तर नाही. भरपाई ठरवण्यात या प्रयोगांचा मोठा वाटा असतो.

(काका ताडपत्रीची घडी करतायत. चेहरा.)

थोडा दाणा वेगळ्या पिशवीत बांधला जातो. तो वाळवून पुन्हा तोलायचा, कारण ओला दाणा जास्त भरतो. पिशवीवर चिठ्ठी: गट नंबर, तारीख, वजन, सह्या.

दोरी गुंडाळली जाते. खुंट्यांची माती झाडून त्या पिशवीत जातात. कृषी सहायक दुसरा कागद उघडतो. गट 118. आकडे 22 आणि 61. ते शेत रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे, मध्ये ओढा लागतो. मोटारसायकल तो इथंच बाभळीखाली लावतो.

(पाठमोरा. खांद्यावर पिशवी, हातात चपला. ओढ्यात उतरतो.)