आजारी देह आणि त्याचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

आंद्रे ब्रुइये या फ्रेंच चित्रकाराने १८८७ साली एक भव्य चित्र रंगवले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात प्राध्यापक शार्को हिस्टेरियावर व्याख्यान देत आहेत आणि त्यांच्या शेजारी ब्लांश विटमन ही रुग्ण स्त्री, वस्त्र खांद्यांवरून ढळलेले, शुद्ध हरपलेली, त्यांच्या सहायकाच्या हातावर रेलली आहे. समोर टक लावून पाहणारे सगळे श्रोते पुरुष आहेत. जिच्या आजाराची चर्चा चालली आहे, तिला मात्र तोंड उघडण्याची सोय नाही.

आजारी स्त्री प्रेक्षकांपुढे उभी करण्याची प्रथा, म्हणजे, जुनीच आहे. एकपात्री प्रयोगाने त्यात एवढाच बदल केला, की व्याख्यात्याची जागा रुग्ण स्त्रीने घेतली.

ईव्ह एन्सलर, ज्या आता केवळ ‘व्ही’ हे नाव लावतात, त्यांचे उदाहरण घेऊ. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेली स्वगते एकटीने सादर केली. ‘योनीच्या मनीच्या गुजगोष्टी’ या नावाने ती मराठीतही आली. तेव्हा त्या इतरांच्या देहांविषयी बोलत होत्या. २०१० साली गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा त्या काँगोमधील बलात्कारपीडित स्त्रियांसाठी बुकावू येथे केंद्र उभारण्याच्या कामात होत्या. त्या स्त्रियांच्या शरीरात अत्याचारामुळे जशी इजा झाली होती, तशीच इजा कर्करोगाने आपल्या शरीरात केल्याचे त्यांना शस्त्रक्रियेनंतर कळले. लहानपणी वडिलांनी केलेले अत्याचार, काँगोतले युद्ध आणि पोटातली गाठ, हे तिन्ही त्यांनी एकाच कथनात गुंफले आणि २०१८ साली डायन पॉलस यांच्या दिग्दर्शनाखाली मॅनहॅटनमध्ये ते एकटीने रंगमंचावर आणले. हे धागे इतके जवळ आणणे मला क्वचित ओढूनताणून वाटते, कारण गाठ ही गाठ असते आणि अत्याचाराला अत्याचारी लागतो. तरीही ज्या देहाला या साऱ्याची झळ लागली, त्याने ते एका दमात सांगावे, यात मला गैर दिसत नाही.

त्या कथनातला सर्वांत शांत भाग एका झाडाचा आहे. रुग्णालयाच्या खिडकीतून त्या झाडाखेरीज काही दिसत नाही, म्हणून आधी चिडचिड होते; मग एक दिवस नुसते पान पाहण्यात जातो, दुसरा खोड पाहण्यात. शस्त्रक्रियेच्या वर्णनापेक्षा हे पान मला अधिक खरे वाटते, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे जग केवढे लहान होते, ते त्यातून कळते.

अशा प्रयोगांना सरसकट ‘धाडसी’ म्हटले जाते आणि तिथेच समीक्षा संपते. वास्तविक इथे कसब लागते. डॉक्टर, परिचारिका, आई, अत्याचारी, सगळ्यांची वाक्ये एकाच तोंडून यायची असतात, आणि ज्या डॉक्टरसमोर एकेकाळी वाचा बसली होती, त्याचा स्वर, त्याची घाई, त्याचे घड्याळाकडे पाहणे आता ती अभिनेत्री ठरवते. शिवाय तीच जखम रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी उघडायची आणि ठरलेल्या वेळी मिटायची. रडू खरोखर अनावर झाले, तर पुढचे वाक्य ऐकू येणार नाही.

टिग नोटारो या विनोदी कलावतीने हे फार कमी शब्दांत साधले. २०१२ साली लॉस एंजेलिसमध्ये तिने मंचावर येताच अभिवादन केले आणि त्याच सहज सुरात आपल्याला कर्करोग झाल्याचे सांगितले. दोन्ही स्तन काढल्यानंतर, २०१४ साली, न्यूयॉर्कच्या एका प्रयोगात तिने शर्ट उतरवला आणि व्रणांसकट उभी राहून नेहमीचेच विनोद पुढे चालू ठेवले.

रेडिओवर हे व्रण मी तुम्हाला दाखवू शकत नाही. पण मॅनहॅटनमधल्या त्या प्रयोगाचा शेवट सांगता येईल: मागचा पडदा सरून हिरवीगार बाग दिसू लागते आणि प्रेक्षकांना खुर्च्या सोडून त्या बागेत येण्याचे निमंत्रण मिळते. शार्कोंच्या सभागृहातले श्रोते आपापल्या जागीच होते.